फुली मारून बसणारा रंगीत कोळी



"मॅडम, आमच्या गॅलरीत पिवळा-पिवळा कोळी आलाय. आई म्हणते विषारी आहे. मारू का?"

मारुंजीतल्या आमच्या सहावीच्या वर्गात एका मुलाने हे विचारलं. मी म्हटलं, "आजचा दिवस थांब. आधी तो कोण आहे ते बघू, मग ठरवू." त्या दिवशीचा परिसर अभ्यासाचा तास असा आपोआप ठरला. पावसाळा संपत आला की टेकडीवरच्या गवतात, सोसायटीच्या कुंपणावर, कुंड्यांच्या मध्ये हा कोळी हमखास दिसतो. त्यामुळे हा पाठ घरीही सहज घेता येईल.

ओळखायचा कसा?

नुसत्या रंगावरून नाव ठरवू नका. रंगीत कोळी अनेक आहेत. मुलांना हे चार प्रश्न द्या :

१) पाय किती? आठ. शरीराचे भाग दोन, शिरोवक्ष आणि उदर. पंख नाहीत, मिशा नाहीत. म्हणजे हा कीटक नाही, कारण कीटकाला सहा पाय असतात.

२) जाळे कसे आहे? चाकासारखे गोल. मध्यभागी जाड, पांढरी, नागमोडी रेघ. चारही बाजूंना अशा रेघा असल्या तर त्यांची फुली दिसते. कधी एक-दोनच रेघा असतात.

३) कोळी बसतो कसा? जाळ्याच्या मधोमध, डोके खाली करून. आठ पाय दोन-दोनच्या जोडीने ठेवतो, म्हणून चारच पाय असल्यासारखे वाटतात!

४) उदरावर काय दिसते? पिवळे, रुपेरी आणि तपकिरी आडवे पट्टे.

चारही उत्तरे जुळली तर हा सिग्नेचर स्पायडर, म्हणजे स्वाक्षरी कोळी. शास्त्रीय नाव आर्जिओपे अनासुजा. थोरेल या स्वीडिश अभ्यासकाने १८८७ साली त्याचे वर्णन केले. आपल्याला दिसते ती बहुधा मादी. तिचे शरीर साधारण ८ ते १२ मिलिमीटर असते. नर तिच्या निम्म्याहूनही लहान आणि फिकट असतो, त्यामुळे तो नजरेतून सुटतो.

ही फुली कशासाठी?

वहीतली फुली म्हणजे चूक, पण इथे ती ओळखीची खूण! ती कशासाठी विणतात यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रेघांवरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांमुळे कीटक आकर्षित होतात, असे काही म्हणतात. पक्ष्यांना जाळे दिसावे आणि त्यांनी ते तोडू नये म्हणून, असे इतर काही. मुलांना त्यांचा अंदाज विचारा. "नक्की माहीत नाही" हेही विज्ञानातले खरे उत्तर असते, हे त्यांना यातून कळते.

विषारी आहे का?

भक्ष्याला बधिर करण्यापुरते विष बहुतेक सर्वच कोळ्यांकडे असते. या कोळ्याचे विष माणसाला धोकादायक नाही. डिवचलं तर तो जाळे जोरजोरात हलवतो किंवा टपकन खाली पडतो. हाताने मात्र पकडू नका.

पावसाळ्यात अंगावर जळजळणारे फोड आले की "कोळी फिरला" असे आपण म्हणतो. बऱ्याचदा तो एका बारीक, लाल-काळ्या भुंगेऱ्याचा प्रताप असतो. तो अंगावर चिरडला की त्याच्यातल्या द्रवाने त्वचा भाजल्यासारखी होते. फोड आल्यास घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

घरी करून पाहा

• सात दिवस रोज एकाच वेळी जाळ्याचे चित्र काढा. फुली बदलते का?
• जाळ्यात काय-काय अडकले, त्याची यादी करा.
• जाळे अगदी दारात असेल तर कोळ्यावर बरणी ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा आणि त्याला झुडपात सोडा.

आठ दिवसांनी त्या मुलाने वही आणली. सात चित्रे आणि खाली यादी : माश्या ९, डास मोजता आले नाहीत, नाकतोडा १. शेवटी आईच्या अक्षरात एक ओळ होती : "गॅलरीचा तो कोपरा सध्या झाडत नाही."

तुमच्या वर्गातल्या मुलांनाही आधी बघू द्या. झाडू काय, नंतरही हाताशी असतोच.