किल्ली पर्समध्येच आहे ना गं?

अगं, नव्या गाडीचे पेढे पोचले, हार घातलेला फोटोही पाहिला. पण त्या स्मार्ट किल्लीबद्दल शोरूमवाल्यांनी तुला काय सांगितलं असेल, ते मी इथे बसून सांगते: 'मॅडम, ब्रेक दाबा, बटण दाबा, निघा!' तेवढ्यावर भागत नाही. ही किल्ली पर्समधून बाहेर न काढताही काम करते, हे तिचं सुख आणि हीच तिची खोड.

यात आधी गाडी बोलते, किल्ली नाही. तू हँडलला हात लावलास की तिथला सेन्सर जागा होतो आणि दाराकडच्या अँटेनातून साधारण 125 किलोहर्ट्झची एक हाक जाते. ती मुद्दामच क्षीण ठेवलेली असते, फार तर मीटर-दीड मीटर पोचेल एवढी. पर्समधली किल्ली ती ऐकते आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत 433 मेगाहर्ट्झवर उत्तर देते. हे उत्तर दर वेळी वेगळं असतं. गाडी नवा आकडा पाठवते, किल्ली आपल्या पोटातल्या गुप्त कोडने त्याचं गणित सोडवते आणि गाडी ताळा पाहते. त्यामुळे आजचं उत्तर कुणी टिपून ठेवलं तरी उद्या ते फुकट. रविवारी गाडी धुताना मात्र किल्ली खिशात ठेवू नकोस. हँडलवर पाण्याचा फवारा बसला की काही गाड्यांना तो हातच वाटतो, आणि लॉक-अनलॉकचा खेळ सुरू होतो.

केबिनमध्ये आणि डिकीकडे वेगळे अँटेना असतात. किल्ली आत आहे की बाहेर, हे गाडी त्यांवरून ताडते आणि मगच इंजिन सुरू होऊ देते. पण एकदा सुरू झालं की किल्ली बाहेर गेली तरी ते बंद पडत नाही. भर रस्त्यात बंद पडणं जास्त धोक्याचं. गाडी फक्त पीं-पीं करते आणि काट्यांजवळ सूचना दाखवते. म्हणजे किल्ली तुझ्या पर्समध्ये, नवरोबा तुला स्टेशनवर सोडून पुढे गेले आणि पेट्रोल पंपावर त्यांनी इंजिन बंद केलं, की बसले तिथेच! ती पीं-पीं रेडिओच्या आवाजात बुडते, म्हणून उतरताना किल्ली कुणाकडे आहे ते तोंडाने विचारायचं.

सेल संपला तर रडकुंडीला येऊ नकोस. किल्लीच्या पोटात एक साधी धातूची किल्ली लपलेली असते, तिने दार उघडतं. काही गाड्यांत हँडलचं झाकण काढल्यावर कुलपाचं भोक दिसतं. मग किल्ली थेट स्टार्ट बटणाला टेकवायची, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या जागी ठेवायची. तिच्यातल्या एका चिपला सेल लागतच नाही. गाडीतल्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून तिला पुरेशी वीज मिळते, मात्र अगदी जवळून. हे एकदा दारात उभी राहून करून बघ. रात्री हायवेवर पुस्तिका चाळायची हौस कुणाला?

आता चोरांचं. एक चोर गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुझ्या घराच्या दाराशी, दोघांकडे एकेक यंत्र. गाडीची क्षीण हाक ते घरापर्यंत पोचवतात. दाराजवळच्या खुंटीवरची किल्ली भाबडेपणाने उत्तर देते आणि गाडी उघडते. कोड फोडायची गरजच नाही, नुसता निरोप पोचवायचा. 2011 मध्ये झुरिचच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी 8 कंपन्यांची 10 मॉडेल्स अशी तपासली; एकही या युक्तीला पुरून उरलं नाही. त्यानंतर काही किल्ल्या स्थिर पडल्या की झोपी जाऊ लागल्या. अल्ट्रा-वाइडबँडच्या नव्या किल्ल्या तर लहरीला यायला-जायला किती वेळ लागला ते मोजून खरं अंतर काढतात. तुझी कुठल्या जातीची, ते सर्व्हिस सेंटरला विचार.

तोवर खुंटी बदल. धातूचं अस्तर असलेली पिशवी मिळते, पण दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नकोस. किल्ली पिशवीत घालून गाडीपाशी जा आणि हँडल धर. दार उघडलं तर पिशवी परत कर. स्टीलच्या डब्याचीही हीच परीक्षा. किल्ली गाडीपासून लांब ठेवलीस तर आणखी एक फायदा: अगदी जवळ असली की काही गाड्यांत दोघींचं बोलणं चालूच राहतं आणि सेल लवकर उतरतो.

आणि दुसरी किल्ली कुठे आहे गं? गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये असेल तर आत्ता उठ आणि घरात आणून कपाटात ठेव. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या सहसा दोन्ही किल्ल्या मागतात.