सोय मागायला लाजू नकोस

अगं, दहावीचा निकाल लागला नाही तोच घरच्यांनी तुझ्यासाठी शिवणकाम ठरवूनही टाकलं? म्हणे, एका जागी बसून होतं. शिवण आवडत असेल तर खुशाल घे, पण तू तर लहानपणापासून बंद पडलेले पंखे उघडून बसतेस. पायामुळे खांबावर चढणं तुला जमणार नाही, हे तूही जाणतेस. पॅनेलची जोडणी आणि मोटर वाइंडिंग मात्र टेबलावरच होतं, आणि जालन्यात सळईच्या कारखान्यांना, बियाण्यांच्या कंपन्यांना मोटारी काही कमी नाहीत. आयटीआयच्या माहितीपुस्तिकेत इलेक्ट्रिशियनच्या अटी स्वतः वाच. कुणी नुसतं तोंडी ‘तुला झेपणार नाही’ म्हणालं तर म्हणावं, लिहून द्या.

यूडीआयडी कार्डाचं, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचं, आधी बघ. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. तपासणीला वेळ लागतो, तेव्हा प्रवेशाच्या तोंडावर पळापळ नको. राखीव जागेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्व नोंदलेलं लागतं. एसटीतही दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे. बायकांना अर्धं तिकीट, तुला पाव!

पण जागा मिळाली की घरचे निवांत होतात, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. वर्ग वरच्या मजल्यावर, वर्कशॉपमध्ये तासन् तास उभं राहणं, संडासाला उंच पायऱ्या. ‘सांभाळून घेते’ असं म्हणून गप्प बसशील, तर वर्षभर पाय दुखेल आणि हजेरी बुडेल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय, की वाजवी सोय नाकारणं हाही भेदभावच. मग माग ना! वर्ग तळमजल्यावर हवा, वर्कबेंचपाशी उंच स्टूल हवं. तुझ्या त्या कमी ऐकू येणाऱ्या मैत्रिणीलाही सांग: सरांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, सूचना लिहून द्याव्यात, हे ती हक्काने मागू शकते.

‘सहकार्य करावे ही विनंती’ एवढ्यावर अर्ज संपवू नकोस. नेमकं काय हवं, कुठे हवं आणि कधीपासून, ते लिही. प्राचार्यांच्या नावाने दोन प्रती कर आणि एकीवर आवक शिक्का घे. तोंडी ‘बघू’ची पोच मिळत नसते, बाई! शिक्क्याची प्रत हातात असली की पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. बहुतेकदा तिथवर जावंच लागत नाही, शिक्क्यानेच काम होतं.

ज्यांना लिहायला त्रास होतो, त्यांना परीक्षेत लेखनिक मिळतो, आणि तासाला किमान 20 मिनिटं जादा. 2021 साली विकास कुमार या यूपीएससीच्या उमेदवाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 40 टक्के भरत नाही एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्याला लिहिताना हाताला पेटके यायचे. लेखनिक हवा हे मात्र परीक्षेच्या आदल्या दिवशी सांगून चालत नाही. आधीच अर्ज करावा लागतो.

आणखी एक. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. हत्यारांचा संच त्यातून मिळेल का, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचार. आबांना सोबत ने, पण बोल तूच.

पसंतीक्रमात पहिला ट्रेड तुझ्या मनातला टाक. आईशी मी बोलते. रविवारी येतेय, तोवर प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून ठेव.