मँडोलिनवर सा-ग-प

पेटीवरून मँडोलिनकडे आलेल्या माणसाला आर्पेजिओचा धाक वाटायचं कारण नाही. मेजर म्हणजे आपलाच सा-ग-प-सां, कॉर्डचे स्वर सुटे सुटे वाजवलेले. ग कोमल केला की मायनर. पुढचं हाताने शिकवलं ते असं.

१. तारा आठ असल्या तरी जोड्या चारच: जी, डी, ए, ई. व्हायोलिनसारख्याच. शेजारच्या दोन जोड्यांत कायम सा-पचं अंतर, आणि सगळी सोय त्यातच आहे. मोकळी जी हा सा, तिच्याच चौथ्या पडद्यावर मधल्या बोटाने ग, मोकळी डी हा प, डीच्या पाचव्या पडद्यावर अनामिकेने वरचा सा. हा झाला जी मेजर. हीच बोटं एक तार पुढे नेली की डी मेजर, आणखी एक तार पुढे ए मेजर. पेटीवर पट्टी बदलली की काळ्या-पांढऱ्यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. इथे तो नाहीच. मायनरसाठी मधलं बोट एक पडदा मागे.

२. मोकळ्या तारांचा लळा मात्र फार लागू देऊ नका. सी मेजर असा घ्या: जीवर पाचवा पडदा, डीवर दुसरा, डीवरच पाचवा, एवर तिसरा. बोटं अनामिका, तर्जनी, अनामिका, मधलं. एकही तार मोकळी नाही, म्हणून सगळा हात दोन पडदे वर सरकवला की डी मेजर तयार. गायिकेने ऐनवेळी पट्टी चढवली तरी घाम फुटत नाही.

३. स्वर वाजला म्हणून बोट लगेच उचलायचं नाही. मँडोलिनचा नाद चटकन विरतो, म्हणून तर लांब स्वरासाठी ट्रेमोलो करावा लागतो. जी मेजरमध्ये जीवरचं बोट दाबलेलं ठेवून मोकळी डी छेडली, तर ग आणि प एकमेकांत मिसळतात. माझ्या मते आर्पेजिओचा निम्मा गोडवा या आळशी बोटात आहे. वेगाचं कौतुक करणारे नेमकं हेच ऐकत नाहीत.

४. पिक: चारच्या गटात खाली-वर-खाली-वर. दादऱ्यात तीन-तीनचे गट पडतात, तिथे मी प्रत्येक गट खालच्या आघाताने सुरू करतो: खाली-वर-खाली, खाली-वर-खाली. दोन ‘खाली’ लागोपाठ येतात, मनगट कुरकुरतं. पण वजन समेवर नीट पडतं.

५. उतरतानाचा रियाझ वेगळा करा. शिवाय गपासून, पपासून सुरुवात करा.

६. व्यायामाचा कंटाळा आला की बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा प्रील्यूड काढावा. मूळ रचना जी मेजरमध्येच आहे आणि तिचं पहिलं माप मँडोलिनवर विनासायास बसतं: मोकळी जी, मोकळी डी, मग एवरचा दुसरा पडदा आणि मोकळी ए. चेलोपेक्षा एक सप्तक वर, एवढंच. मँडोलिन व्हायोलिनसारखंच लागत असल्यामुळे बाखची व्हायोलिनची पानंही खुली होतात. मँडोलिनवादक क्रिस थिलीने त्यातल्या सोनाटा-पार्टिटांचा अल्बम 2013 मध्ये केला, तो ऐकावा.

७. रागात मात्र ही सा-ग-पची सवय आवरावी लागते. सज्जाद हुसेन याच वाद्यावर राग वाजवत, यू. श्रीनिवास यांनी तर जोडतारा सोडून एकेरी तारांचं इलेक्ट्रिक मँडोलिन घेतलं आणि त्यावर कर्नाटक संगीत उभं केलं. आपल्यासारख्यांची बोटं भूपात खपून जातात, कारण सा-ग-प तिथे आहेतच. मालकंसात कोमल गनंतर बोट सवयीने पवर जातं, आणि पंचम तिथे वर्ज्य. त्या रागासाठी मी म-ध-सां घोटतो. धैवत कोमल, त्यामुळे मध्यमाला सा मानून मोजलं तर हाही मायनर आर्पेजिओच, आणि वाटेत पंचम लागतच नाही.