आकडे फुकट, आकडेमोड विकत

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, मे २०१८मध्ये ‘ऑल ऑफ अस’ हा प्रकल्प देशभर खुला केला. दहा लाख किंवा त्याहून अधिक लोकांची आरोग्यविषयक माहिती जमवायची, हे त्याचं उद्दिष्ट. या माहितीची एकत्रित बेरीज ‘डेटा ब्राउझर’ या ऑनलाइन साधनात कुणालाही पाहता येते. नोंदणी लागत नाही, पैसेही पडत नाहीत. पुण्यात सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते जसं खुलं आहे, तसंच न्यू जर्सीतल्या कुतूहल असलेल्या काकूंनाही. त्यामुळे हेच आकडे काढून देण्याचे कुणी पैसे मागत असेल, तर सरळ नाही म्हणा.

शोधपट्टीत आजाराचं, औषधाचं किंवा रक्ततपासणीचं इंग्रजी नाव टाका. किती सहभागींच्या वैद्यकीय नोंदींत ते सापडलं, हे वय आणि लिंगानुसार दिसतं. प्रश्नावल्यांची उत्तरं, उंची-वजन-रक्तदाब आणि फिटबिटच्या नोंदीही आहेत. जनुकीय विभागात ‘बीआरसीए२’सारखं जनुक शोधलं, तर त्यातले बदल किती प्रमाणात आढळले तेही कळतं.

आता सावधगिरी. ओळख उघड होऊ नये म्हणून सहभागींची संख्या वीसच्या पटीत वर नेलेली असते. पडद्यावर २० दिसले, तर प्रत्यक्षात एकच माणूस असू शकतो! दुर्मीळ आजारांवर बोलताना हे विसरलात तर फजिती ठरलेली. दुसरं म्हणजे, सहभागी स्वेच्छेने आलेले आहेत आणि संशोधनात आजवर मागे राहिलेल्या समाजगटांना मुद्दाम सामावून घेतलेलं आहे. म्हणून इथली टक्केवारी ‘अमेरिकेत इतक्यांना मधुमेह आहे’ असं सांगत नाही, महाराष्ट्राबद्दल तर नाहीच. शिवाय सगळ्यांनी सगळं दिलेलं नसतं. कुणी फक्त प्रश्नावली भरलेली असते. टक्केवारी कितींपैकी आहे, ते आधी पाहावं.

खर्चाचा प्रश्न येतो तो ‘रिसर्चर वर्कबेंच’पाशी. एकेका सहभागीच्या पातळीवरची, नाव-पत्ता काढलेली माहिती तिथे असते. तुमच्या संस्थेने प्रकल्पाशी करार केलेला असावा लागतो. तुम्हाला ओळख पटवून ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. प्रवेशाला शुल्क नाही, पण गणन गूगलच्या क्लाउडवर चालतं आणि त्याचं मीटर पडतं. सुरुवातीला ३०० डॉलरचं क्रेडिट मिळतं, म्हणजे पंचवीस हजार रुपयांहून थोडं जास्त. प्रश्नावल्यांच्या साध्या विश्लेषणाला ते बराच काळ पुरावं. संपूर्ण जनुकसंचाच्या फायली उघडल्यात तर झपाट्याने वितळतं. काम थांबवलं की क्लाउडवरचं यंत्र बंद करा. जोडलेल्या डिस्कचं भाडं मात्र तेव्हाही चालूच राहतं, म्हणून नको असलेली डिस्क काढून टाका. माहिती घरच्या संगणकावर उतरवून खर्च वाचवू म्हणाल, तर सहभागींच्या पातळीवरची माहिती बाहेर नेण्याची परवानगीच नाही.

प्रकल्प-अहवालात एखाददुसरा आकडा हवा असेल, तर वर्कबेंचच्या वाटेला जाऊच नका. ब्राउझर पुरेसा आहे. फक्त आकडा कोणत्या तारखेला पाहिला ते शेजारी लिहा. नवी माहिती चढली की आकडे बदलतात.