धाकट्याचे ताट

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर हे तालुक्याचे गाव. येथील पिरांच्या दर्ग्यांमुळे मूळच्या मंगरूळ या नावाला ‘पीर’ हा शब्द जोडला गेला. भोवती काळ्या मातीचा मुलूख पसरलेला आहे आणि शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. पावसाळा लागला की सोयाबीन, तूर, कापूस, मूग आणि उडीद यांनी शिवार भरून जाते. थंडीत हरभरा व गहू डोलू लागतात. परसात शेवगा असतो, बांधावर एखादे लिंबाचे झाड असते. अशा मुलखात लहान मुलाच्या वाट्याला निकस अन्न यावे, ही गोष्ट ऐकणाऱ्याला सहसा खरी वाटणार नाही. परंतु शिवारात पिकते ते सर्वच घरातल्या चुलीपर्यंत पोचते असे नाही. आणि चुलीवर शिजते ते सर्वच धाकट्याच्या पोटात जाते असेही नाही.

या तालुक्यातील एका शेतकऱ्याचे घर डोळ्यांसमोर आणावे. घरात आई, वडील, आजी, सातवीत शिकणारी मुलगी आणि अडीच वर्षांचा धाकटा मुलगा. अंगणवाडीत दरमहा मुलांचे वजन करून ते तक्त्यावर मांडतात. धाकट्याच्या वजनाची रेघ तीन महिने जागची हललेली नव्हती. मूल हसत-खेळत होते, तापाने निजले नव्हते. म्हणून घरच्यांना त्यात विशेष काही वाटले नव्हते. अंगणवाडीच्या ताईंना मात्र ती आडवी रेघ पाहून काळजी वाटली. मेंदूची व शरीराची जी वाढ पहिल्या काही वर्षांत व्हावयाची असते, ती त्या वेळी झाली नाही तर पुढे भरून काढणे फार कठीण जाते, हे त्यांना ठाऊक होते. त्या एके दिवशी घरी आल्या.

आई म्हणाली, “ताई, पोरगं काही खातच नाही. दुकानात डब्यातली पूड मिळते, ती आणावी म्हणते; पण ती फार महाग.”

ताई म्हणाल्या, “पूड राहू द्या. सकाळपासून तो काय काय खातो, तेवढे आधी सांगा.”

हिशेब निघाला तो असा : उठल्यावर चहा आणि बिस्किटे. दहाच्या सुमारास रडू लागला की दुकानातील तळलेल्या पदार्थांचे एक पाकीट. दुपारनंतर आणखी एक. जेवणाच्या वेळी सर्वांसाठी केलेला झणझणीत रस्सा आणि भाकरी. पहिल्याच घासाला त्याचे तोंड पोळे. तो पाणी मागे आणि उठून जाई. पाकिटे आणून देण्याचे काम थोरल्या बहिणीकडे होते. ती हा हिशेब ऐकता ऐकता खाली पाहू लागली.

“मग याची भूक गेली कुठे?” ताई म्हणाल्या. “थोडी चहाबिस्किटांत गेली, थोडी पाकिटांत गेली, आणि उरली ती तिखटाने पळवून लावली. मूल हट्टी नाही, बाई. आपण त्याला जेवण्याजोगे वाढतच नाही.”

आजी म्हणाली, “पण एकट्या त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक कोण करणार? निंदणाच्या दिवसांत सूनबाई पहाटेच शेतावर जाते.”

“वेगळा स्वयंपाक करूच नका, आजी. फक्त वेगळी वाटी काढा.”

ताईंच्या या एका वाक्यात पुष्कळ अर्थ होता. वरण शिजले की त्यात तिखट घालण्याआधी वाटीभर बाजूला काढावे. त्यात भाकरी कुस्करून मऊ करावी, वर चमचाभर तेल किंवा तूप घालावे आणि लिंबू पिळावे. उरलेल्या वरणाला घरच्यांच्या आवडीची फोडणी द्यावी. भांडे एक, इंधन एक, वेळही जवळजवळ तेवढाच; आणि धाकट्याचे जेवण मात्र तयार.

भाकरी आणि वरण ही जोडी साधी दिसते. परंतु तिच्यामागे शास्त्र आहे. शरीराची बांधणी प्रथिनांनी होते आणि प्रथिने निरनिराळ्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. ज्वारीत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते; ते डाळीत विपुल असते. उलट डाळीत मेथिओनीन कमी पडते, तर ते धान्यात पुरेसे असते. म्हणून ज्वारी आणि तूर एकाच ताटात आली म्हणजे एकीची उणीव दुसरी भरून काढते. साधारणतः तीन-चार भाग धान्याला एक भाग डाळ हे प्रमाण योग्य होय. मराठी शास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. तत्पूर्वी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी संशोधन केले ते दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांवरच. गरिबाच्या ताटातील डाळ ही प्रयोगशाळेतही मोलाची वस्तू ठरली.

ज्वारी हे एके काळी वऱ्हाडचे मुख्य अन्नधान्य होते. सोयाबीनचा पसारा वाढला तसे ज्वारीचे क्षेत्र घटले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारीच्या गुणांची पुन्हा एकदा सर्वत्र चर्चा झाली. सोयाबीनची गोष्ट याहून नवलाची आहे. त्याच्या शंभर ग्रॅम दाण्यांत छत्तीस ते चाळीस ग्रॅम प्रथिने असतात. तूरडाळीत सुमारे बावीस. तरीही पोत्यांनी पिकणारे सोयाबीन थेट बाजारात जाते आणि पिकवणाऱ्याच्या घरी त्याचा दाणाही शिजत नाही. कच्च्या सोयाबीनमधील काही घटक पचनाला अडथळा करतात, म्हणून ते तसेच दळू नये. निवडलेले दाणे उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवावेत, उन्हात खडखडीत वाळवावेत आणि नऊ भाग धान्यात एक भाग मिसळून दळून आणावेत. त्या पिठाची भाकरी किंवा पोळी चवीला फारशी वेगळी लागत नाही.

ताईंनी आणखी काही गोष्टी सांगितल्या. लहान मुलाचे पोट लहान असते. एका बैठकीत ते फार खाऊ शकत नाही. त्याला दिवसातून तीन जेवणे आणि मध्ये दोनदा खाऊ लागतो. खाऊ म्हणजे पाकीट नव्हे. गूळ आणि शेंगदाण्याचा कूट यांचा लाडू, मोड आलेल्या मुगाची वाफवलेली उसळ, केळे किंवा उकडलेले अंडे हा खाऊ होय. इतक्या लहान मुलाला अख्खे शेंगदाणे देऊ नयेत; ते घशात अडकण्याचे भय असते. पालेभाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. चिरून धुतली तर तिचे सत्त्व पाण्याबरोबर जाते. शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून ज्वारीच्या पिठात, थोड्या बेसनासह कालवावा आणि तळहाताएवढी धिरडी घालावीत. मुलाला ती हातात धरून खाता येतात. डाळी व पालेभाज्यांतील लोह अंगी लागण्यास लिंबाचा आंबटपणा साहाय्य करतो, तर चहा त्यात विघ्न आणतो. म्हणून जेवणावर लिंबू असावे आणि मुलाला चहा देऊच नये.

“आणि तरीही त्याने तोंड फिरवले तर?” आईने विचारले.

“तर रागावू नका, बळेच भरवू नका आणि बिस्किटाची लालूचही दाखवू नका. दोन दिवसांनी तीच वस्तू पुन्हा थोडीशी वाढा. नवी चव ओळखीची व्हायला मुलाला कधी आठ-दहा वेळा ती चाखावी लागते. तुम्ही सर्व जण जे खाता, तेच तुमच्या शेजारी बसून त्याला खाऊ द्या.”

दुसऱ्या दिवसापासून थोरल्या बहिणीने आपण होऊन एक काम पत्करले. पाकिटांसाठी रोज दहा रुपये जात. महिन्याचे तीनशे झाले. तेवढ्यात किलोभर तूरडाळ येऊन वर पैसे उरतात, हे तिने वहीत मांडून आईला दाखवले. शाळेतून आल्यावर ती धाकट्याला घेऊन अंगणात बसे. तुरीच्या हिरव्या शेंगांचे दिवस होते. ती शेंगा फोडी आणि तो दाणे वेचून वाटीत टाकी. त्या दाण्यांची आमटी झाली, तेव्हा “माझे दाणे” असे म्हणत त्याने वाटी पुढे ओढली. धिरडे मात्र त्याने पहिल्या दिवशी जमिनीवर टाकले, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला दिले आणि पाचव्या खेपेला अर्धे खाल्ले. आजीने कपाळाला हात लावला. पण कोणी रागावले नाही.

पुढील महिन्यात काटा किंचित सरकला. त्याच्या पुढील महिन्यात तक्त्यावरची रेघ स्पष्टपणे वर वळली. घरात कोणतीही महाग वस्तू आलेली नव्हती. तीच ज्वारी होती, तीच तूर होती, परसातला शेवगाही तोच होता. बदलली होती ती वाढण्याची रीत.

देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्या उभ्या राहिल्या. शाळकरी मुलांसाठी १९९५ पासून मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना आली. ही व्यवस्था मोलाची आहे. परंतु तिचा आहार घरच्या जेवणाला जोड म्हणून असतो. मुलाची उरलेली भूक घरच्या ताटावरच भागावयाची असते. ते ताट भरण्यासाठी धनापेक्षा ध्यान अधिक लागते. ज्या घरी तिखट घालण्याआधी धाकट्याची वाटी आठवणीने बाजूला काढली जाते, त्या घरी साधी भाकरीही पक्वान्नाचे काम करते.

स्वाध्याय

१. धाकट्याच्या वजनाची आडवी रेघ पाहून ताईंना काळजी का वाटली?
२. “वेगळा स्वयंपाक करूच नका, फक्त वेगळी वाटी काढा.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. ज्वारी आणि तूर एकमेकींची उणीव कशी भरून काढतात?
४. ‘धनापेक्षा ध्यान अधिक लागते’ हे विधान पाठातील प्रसंगांच्या आधारे पटवून द्या.
५. आपल्या घरी एका दिवसात झालेल्या पदार्थांची यादी करा. त्यांपैकी लहान मुलाला कोणते देता येतील व त्यात कोणता बदल करावा लागेल, ते लिहा.