जनमत कौलात प्रश्न कुठला विचारला होता?

दरवर्षी १६ जानेवारी जवळ आला की गोव्यातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर तोच वाद नव्याने पेटतो. एक जण लिहितो, ‘१९६७ मध्ये गोवेकरांनी मराठीला नाकारलं.’ दुसरा लगेच, ‘फक्त ३४ हजारांचा फरक! अर्धा गोवा मराठीच्या बाजूने होता.’ मराठीला राजभाषेचा दर्जा द्या ही मागणी आजही चालू आहे, त्यामुळे हे नुसतं इतिहासाचं भांडण नाही. नोकऱ्या, शाळा, लिपी, सगळं त्याला चिकटलेलं आहे. आणि मराठी मंडळात येणाऱ्या माझ्यासारख्या कॅथलिक मुलीला तर दोन्हीकडून विचारतात, तू नक्की कुणाच्या बाजूची? म्हणून हा कौल एकदा नीट उलगडून बघूया.

आधी आकडे. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१. टक्केवारी काढली तर साधारण ५५.५ विरुद्ध ४४.५. म्हणजे ‘अर्धा गोवा’ म्हणणाऱ्याने थोडं ताणलंय, आणि ‘अख्ख्या गोव्याने’ म्हणणाऱ्याने त्याहून जास्त. पण दोघांची खरी गडबड आकड्यात नाहीच. मतपत्रिकेवर भाषा नव्हती. प्रश्न एवढाच होता: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून ठेवायचा? विलीनीकरणाला फूल, संघप्रदेशाला दोन पानं. कोकणी की मराठी, असं त्या दिवशी मतदाराला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा ‘मराठीला नाकारलं’ हा त्या आकड्यातून कुणीतरी काढलेला अर्थ आहे. अर्थ जरूर काढावा, पण मग त्याला स्वतंत्र आधार द्यावा लागतो.

असा आधार शोधायला गेलं की गंमत होते. विलीनीकरणाविरुद्ध सगळ्यात धारदार लिखाण कुठे छापून येत होतं? मडगावच्या ‘राष्ट्रमत’मध्ये. हे दैनिक मराठी. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच यायचं, तेही मराठीतून. मराठीत वाचणारा, मराठीत पटवून घेणारा आणि तरीही दोन पानांवर शिक्का मारणारा माणूस होता, हे यावरून दिसतं. त्याला ‘मराठीविरोधी’ कसं म्हणायचं? उलट बाजूनेही बघा. कौलानंतर दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणवादी मगो पक्षच परत निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर परत मुख्यमंत्री झाले. लोक दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं देतात. आपण मात्र एका उत्तरावर सगळे प्रश्न सोडवायला बघतो.

आणखी एक दावा सारखा फिरतो: ‘ख्रिश्चनांनी विरोधात मत दिलं, हिंदूंनी बाजूने.’ मतदान गुप्त होतं, मतपेटीत धर्म मोजला जात नाही. पण म्हणून काहीच कळत नाही असंही नाही. १९६१ च्या जनगणनेत गोव्यात हिंदूंचं प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास होतं. सगळ्या हिंदूंनी फुलावर शिक्का मारला असता तर फूल आरामात जिंकलं असतं. ते हरलं, म्हणजे बऱ्याच हिंदू मतदारांनी दोन पानं निवडली असणार. हे अनुमान मला बळकट वाटतं. तरी ते अनुमानच. लोकसंख्या म्हणजे मतदारयादी नव्हे, आणि कुठल्या समाजातून किती टक्के लोक प्रत्यक्ष मतदानाला गेले हे या आकड्यात येत नाही. असं अनुमान ‘बहुधा’ लावून सांगावं. तेवढा एक शब्द फॉरवर्ड करताना का गळून पडतो, देव जाणे.

भाषेचा प्रश्न थेट हाताळला तो १९८७ च्या राजभाषा कायद्याने, म्हणजे कौलानंतर वीस वर्षांनी. त्यात राजभाषा कोकणी, आणि कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतली. सोबत सरकारी कामात मराठीच्या वापराची तरतूद. एक गट पहिला भाग तेवढा टाकतो आणि म्हणतो मराठीला काहीच दिलं नाही. दुसरा गट शेवटचा भाग टाकून म्हणतो, दोघींचा दर्जा सारखाच. वापराची मुभा आणि राजभाषेचा दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोमी लिपीत लिहिणारा माझ्या गावचा तियात्रकार तर या दोन्ही पोस्टींच्या बाहेरच राहतो.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनाही हा मोह सुटत नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, रोमन लिपीत, मराठीत. लगेच निष्कर्ष: तेव्हाचे ख्रिस्ती घरी मराठी बोलायचे! अहो, त्याच फादरांनी कोकणीचं व्याकरणही लिहिलं. पुराणाची भाषा आणि चुलीपुढची भाषा एकच असते, असं कुठे आहे?

उरतो तो प्रश्न मताचा: आज मराठीला राजभाषा करावी का? माझं मत, करावी, आणि रोमी कोकणीलाही जागा द्यावी. माझी कारणं आजची आहेत: इथल्या मराठी शाळा, इथली वर्तमानपत्रं, देवळातली भजनं, आमचं हे मंडळ. ती कुणाला अपुरी वाटली तर त्यांवर भांडू. त्यासाठी १९६७ ची मतपेटी उघडायची गरज मला पडत नाही.