फवारणी ड्रोनची बॅटरी विमानाने पाठवताना

ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन सरीत शिरता येत नाही. म्हणून बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात फवारणीच्या ड्रोनला मागणी असते. 2023 मध्ये केंद्राने नमो ड्रोन दीदी योजना आणली आणि हे यंत्र महिला बचत गटांच्या हातात येऊ लागलं. एक बॅटरी जोडी थोड्याच मिनिटांत उतरते, त्यामुळे एका ड्रोनमागे अनेक जोड्या बाळगाव्या लागतात. त्यातली एखादी तपासणीसाठी परराज्यात पाठवायची वेळ येते तेव्हा हमखास कुणीतरी सुचवतं, "विमानाने टाका, लवकर पोचेल."

आधी विमान खरंच लागतं का ते ठरवा. पाठवायचं ठिकाण देशातच असेल आणि चार-सहा दिवस थांबता येत असेल, तर रस्त्याने पाठवा. माझं मत याबाबत पक्कं आहे. जमिनीवर ट्रक पेटला तर चालक उतरून लांब जाऊ शकतो. एप्रिल 2022 मध्ये नाशिकजवळ कंटेनरमधल्या वीस इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या, तरी माणूस दगावला नाही. विमानात उतरायला जागा नसते. 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईहून कोलोनला निघालेल्या यूपीएसच्या मालवाहू बोइंग 747 मध्ये आग लागली. विमान दुबईकडे परत फिरलं, पण धुराने कॉकपिट भरलं आणि दोन्ही वैमानिक गेले. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. धोकादायक माल म्हणून नोंदवायला हव्या होत्या अशा काही खेपा तशा नोंदवलेल्याच नव्हत्या, असं चौकशीत दिसलं. खोक्यावर 'मोटार पार्ट' लिहून बॅटरी आत सरकवणाऱ्याने हे दोन वैमानिक आठवावेत.

विमानच लागणार असेल तर पुढचं काम क्रमाने करा.

पहिलं काम बॅटरी पाहण्याचं. सपाट फरशीवर ठेवून ती डुगडुगते का ते बघा. फुगलेली, तडा गेलेली, औषधाचं पाणी आत गेलेली, उसात कोसळलेल्या ड्रोनमधून काढलेली, चार्जिंगला नेहमीपेक्षा जास्त तापणारी, कंपनीने दोषी म्हणून परत मागवलेली अशी कुठलीही बॅटरी विमानाने जात नाही. प्रवासी विमानातही नाही, मालवाहू विमानातही नाही. भंगारात निघालेली बॅटरीसुद्धा खास सरकारी परवानगीशिवाय चढवता येत नाही. म्हणजे "बिघडली आहे, पाठवून देऊ" म्हणताना ज्या बॅटरीची घाई असते, बहुतेक वेळा तिलाच बंदी असते. तिला घराबाहेर, सावलीत, कडब्यापासून आणि डिझेलपासून लांब ठेवा आणि विक्रेत्याला कळवा. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

बॅटरी धडधाकट असेल तर तिची ताकद काढा. अंगावर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात. 22.2 व्होल्ट, 22 अँपिअर-तासांची बॅटरी 488 वॅट-तासांची होते. हवाई वाहतुकीच्या नियमांची रेघ 100 वॅट-तासांवर आहे. त्याखालच्या छोट्या बॅटऱ्यांना काही सवलती मिळतात, फवारणी ड्रोनच्या बॅटरीला त्या लागू नाहीत. ती पूर्ण धोकादायक माल, वर्ग 9. आणि ती बॅगेत घालून स्वतः नेण्याचा विचार असेल तर सोडून द्या. 160 वॅट-तासांवरची सुटी बॅटरी प्रवाशाला हातातल्या सामानातही नेता येत नाही आणि चेक-इनच्या बॅगेतही नाही.

आता तिचा क्रमांक ठरवा. नुसती बॅटरी पाठवत असाल तर यूएन 3480. ड्रोनमध्ये बसवलेली, किंवा त्याच्याच खोक्यात शेजारी ठेवलेली असेल तर यूएन 3481. फरक मोठा आहे. 1 एप्रिल 2016 पासून यूएन 3480 चा माल प्रवासी विमानातून जातच नाही, त्याला फक्त मालवाहू विमान लागतं. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून उडणारी बहुतेक विमानं प्रवासी असतात, त्यामुळे माल पुण्याहून जाईल की मुंबईहून, हे कार्गो एजंटाला आधी विचारल्याशिवाय टेम्पो ठरवू नका.

सगळ्यात जास्त चुका चार्जमध्ये होतात, म्हणून इथे वेळ घ्या. नुसती बॅटरी पाठवताना चार्ज ठरीव क्षमतेच्या 30 टक्क्यांच्या वर असता कामा नये. ड्रोनच्या खोक्यात शेजारी ठेवलेल्या बॅटरीलाही 1 जानेवारी 2026 पासून हीच मर्यादा आली आहे. आत साठलेली ऊर्जा कमी असली तर एक सेल बिघडून तापला तरी शेजारचा सेल पेटण्याची शक्यता घटते. मालकप्प्यात आग विझवायला वापरतात तो हॅलॉन वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आत चाललेली उष्णतेची साखळी थांबवू शकत नाही, म्हणून चार्ज आधीच उतरवायचा. चार्जरवरच्या 'स्टोरेज' बटणावर विसंबू नका. त्याने सेल साधारण 3.8 व्होल्टवर राहतो आणि तेवढ्यात चार्ज बहुधा 30 टक्क्यांच्या वर असतो. बॅटरीवर टक्केवारी दिसत असेल तर ती 25 च्या आसपास आणा. दिसत नसेल तर कंपनीने सांगितलेल्या खालच्या मर्यादेपर्यंत बॅटरी उतरवा, मग चार्जरवर मोजून थोडीच भरा. 22 अँपिअर-तासांच्या बॅटरीला 30 टक्के म्हणजे 6.6 अँपिअर-तास. खालच्या मर्यादेलाही थोडा चार्ज उरलेला असतो, म्हणून साडेचारच्या पुढे जाऊ नका. तारीख आणि आकडा वहीत लिहून ठेवा.

उत्पादकाकडून यूएन 38.3 चाचणीचा सारांश मागवा. बॅटरी कमी दाब, तापमानातले चढउतार, हादरे, आघात, शॉर्टसर्किट या चाचण्यांत टिकली, याचा तो पुरावा. 2020 पासून तो मागितल्यावर देणं उत्पादकाला बंधनकारक आहे. स्थानिक कारागिराने सेल जोडून बनवलेल्या पॅकचा असा कागद नसतो. तो पॅक विमानाने जाणार नाही.

पॅकिंग करताना मुख्य प्लगवर टोपी बसवा आणि बॅलन्सची बारीक तार विसरू नका, तिच्या टोकालाही चिकटपट्टी लावा. प्रत्येक बॅटरी वीज न वाहणाऱ्या वेगळ्या पिशवीत, मग आतल्या खोक्यात, आणि बाहेर यूएन प्रमाणित खोकं. ते पॅकिंग सामान विकणाऱ्याकडे मिळतं, त्यावर यूएनचं वर्तुळातलं चिन्ह छापलेलं असतं. औषधाच्या बाटल्यांचं जुनं खोकं चालत नाही. आत काहीही हलता कामा नये. एका खोक्यात 35 किलोंपेक्षा जास्त बॅटरी नको.

खोक्यावर वर्ग 9 चं लिथियम बॅटरीचं लेबल, यूएन क्रमांक, मालाचं अधिकृत नाव, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, आणि यूएन 3480 असेल तर 'फक्त मालवाहू विमान' हे केशरी लेबल लावा. जुनी लेबलं खरवडून काढा.

मग धोकादायक मालाचं घोषणापत्र. ते प्रशिक्षित माणसानेच भरायचं असतं, म्हणून असं प्रशिक्षण घेतलेला एजंट गाठा. पण भरणारा कुणीही असो, मजकुराची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची राहते. वजन, क्रमांक, बॅटऱ्यांची संख्या स्वतः ताडून बघा. नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा गेल्या हंगामातला कागद बघून नवा भरू नका.

विमानतळाकडे बारामतीहून मोरगाव-सासवडमार्गे जा किंवा इंदापूरहून भिगवणमार्गे, उन्हाळ्यात पहाटे निघा. गाडी उन्हात बंद करून जेवायला थांबू नका, आणि खोक्यात काय आहे ते चालकाला सांगा. वाटेत फुसफुस आवाज आला, गोडसर वास आला किंवा धूर दिसला, तर गाडी वस्तीपासून दूर थांबवा, सगळे लांब जा, धूर छातीत घेऊ नका आणि 112 ला फोन करा. अशा आगीला थंड करायला भरपूर पाणी लागतं, मूठभर मातीने ती शमत नाही.

कार्गो काउंटरवर तपासनीस यादी धरून एकेक गोष्ट पाहतो आणि एका लेबलासाठीही माल परत करतो. वाद घालू नका, दुरुस्त करून पुन्हा द्या. घोषणापत्राची एक प्रत किमान तीन महिने जपून ठेवा.